लुआरकाठची सायकलवाट

फ्रान्समध्ये १८०० साली पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने एक हुकूम काढला. बाईला पुरुषासारखा पोशाख करायचा असेल तर तिने पोलिसांकडे येऊन रीतसर परवानगी घ्यावी. पुरुषासारखा पोशाख म्हणजे मुख्यतः पँट. पुढे सायकल आली आणि पंचाईत झाली. पायघोळ झगा सावरत सायकल चालवायची कशी? मग १८९२ आणि १९०९ साली सवलत दिली गेली. बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल! म्हणजे सायकलवरून उतरलीस की पुन्हा गुन्हेगार. गंमत म्हणजे हा हुकूम कागदोपत्री तसाच पडून राहिला होता. आता त्याला काही अर्थ उरलेला नाही, हे तिथल्या महिला हक्क मंत्र्यांनी जाहीर केलं ते २०१३ साली.

त्याच देशात गेल्या जूनमध्ये मी चक्क सलवार-कुडता घालून सायकल चालवून आले. सलवार साखळीत अडकू नये म्हणून घोट्याला रबरबँड, पाठीला छोटी सॅक आणि डोक्यावर हेल्मेट. माझी धाकटी नणंद नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथल्या तूर शहरात राहते. तिने फोनवर सांगितलं, "वहिनी, तुम्ही नुसत्या या. सायकल इथे भाड्याने मिळते आणि रस्ता अगदी सपाट आहे." मी कॉलेजला सायकलने जात असे. लग्नानंतर मात्र ती सुटली. घरच्यांचा विरोध नव्हता, पण आमच्या गावचा रस्ता ट्रक आणि एसट्यांचा. वाण्याकडून दळण आणायलासुद्धा जीव मुठीत धरून निघावं लागतं. त्यामुळे परदेशात, तेही रस्त्याच्या उजव्या बाजूने सायकल चालवायची म्हटल्यावर पोटात गोळा आला होता.

पण तो गोळा पहिल्या तासातच विरघळला. सहा दिवस रोज तीस-पस्तीस किलोमीटर आम्ही दोघी चालवत होतो आणि त्यातला बराचसा वेळ मागून हॉर्न ऐकू आला नाही. ऐकू यायचे पक्षी, वाऱ्याने हलणारे पॉप्लर आणि आमच्याच गप्पा.

लुआर ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरहून मोठी. पात्र उथळ, मध्ये वाळूची बेटं. पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मध्ययुगापासून काठाकाठाने मातीचे बांध घातलेले. या नदीच्या सोबतीने सुमारे नऊशे किलोमीटरची सायकलवाट आखलेली आहे. तिचं नाव 'लुआर आ व्हेलो', म्हणजे सायकलवरून लुआर. नदीकाठच्या दोन प्रांतांच्या सरकारांनी १९९५ साली ही योजना हाती घेतली आणि तुकड्या-तुकड्यांनी पुरी केली. काही ठिकाणी ती जुन्या बांधावरून जाते, काही ठिकाणी द्राक्षमळ्यांतून, तर काही ठिकाणी दोन गावं जोडणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्यावरून. नदीच्या खोऱ्याचा मधला मोठा पट्टा युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतला. त्यामुळे दर काही मैलांवर एखादा राजवाडा, मठ किंवा दगडी पूल समोर येतोच.

आम्ही ब्लुआपासून निघालो ते सोम्यूरला थांबलो. वाटेत आंब्वाज लागतं. लिओनार्दो दा विंची म्हातारपणी, १५१६ साली, फ्रान्सच्या राजाच्या बोलावण्यावरून इथे आला आणि १५१९ साली इथेच वारला. त्याचं घर आपल्याला आतून बघता येतं. पण मला खरी ओढ होती ती आंब्वाजहून जंगलातल्या रस्त्याने बारा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या शनोंसोची. या वाड्याला 'बायकांचा वाडा' म्हणतात, आणि ते नाव शोभेचं नाही.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मालक लढाया आणि राजाच्या कामासाठी इटलीत, तेव्हा बांधकामावर उभी राहिली ती त्याची बायको कॅथरिन ब्रिसोने. पुढे वाडा राजाकडे गेला. दुसऱ्या हेन्रीने तो आपली आवडती दियान हिला दिला. तिने शेर नदीवर पूल बांधून घेतला. १५५९ साली राजा गेला आणि त्याची राणी कॅथरिन द मेदिची हिने दियानकडून वाडा काढून घेतला. त्याच पुलावर तिने साठ मीटर लांबीचं दालन चढवलं. एकीने पूल बांधला, तिच्या सवतीने त्यावर महाल बांधला! अठराव्या शतकात तिथे लुईज द्युपँ ही विदुषी राहायची. बायका पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत यावर ती मोठा ग्रंथ लिहीत होती आणि तिचा लेखनिक होता पुढे जगप्रसिद्ध झालेला रूसो. क्रांतीच्या धामधुमीत हा वाडा वाचला त्याचं श्रेयही तिलाच देतात.

गोष्ट इथेही संपत नाही. पहिल्या महायुद्धात त्या लांब दालनात खाटा टाकून दवाखाना केला होता. दोन हजारांहून जास्त जखमी सैनिकांवर तिथे उपचार झाले. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी म्हणजे जर्मनांच्या ताब्यातला मुलूख आणि बाकीचा मुलूख यांची हद्द झाली. दालनाचं एक दार अलीकडे, दुसरं पलीकडे. त्या दाराने कितीतरी माणसं निसटली. दालनातल्या काळ्या-पांढऱ्या फरशीवर उभी राहून मी खिडकीतून खालचं पाणी बघत राहिले. नणंद म्हणाली, "वहिनी, चला, अजून वीस किलोमीटर आहेत."

तूरच्या पुढे विलांद्री लागतं. माझ्यासारख्या गृहिणीने तिथे जायलाच हवं. वाड्यासमोर चक्क भाजीपाल्याची बाग आहे. सारख्या आकाराचे नऊ चौकोन आणि प्रत्येकात वेगळ्या नक्षीत कोबी, बीट, गाजर, लेट्यूस लावलेलं. लाल कोबीशेजारी हिरवा पाला असा रंगांचा मेळ, जणू रांगोळीच. वर्षातून दोनदा नवी लागवड होते. १९०६ साली एका स्पॅनिश डॉक्टरने आणि त्याच्या अमेरिकन बायकोने हा पडझडीला आलेला वाडा विकत घेतला आणि ही बाग नव्याने उभी केली. परसातल्या भाजीलाही असा मान मिळू शकतो हे बघून बरं वाटलं.

शेवटच्या टप्प्यात नदीपासून थोडं आत फोंतव्रोचा मठ आहे. ११०१ साली स्थापन झालेल्या या मठात साधू आणि साध्वी दोघंही राहायचे, पण प्रमुख कायम बाई. संस्थापकाने तसाच नियम करून ठेवला होता. क्रांतीत मठ बंद होईपर्यंत सुमारे सात शतकं, एकीमागून एक अशा छत्तीस बायकांनी तिथला कारभार पाहिला. आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी झालेली एलेनॉर म्हातारपणी इथेच येऊन राहिली. तिची दगडी मूर्ती समाधीवर पहुडलेली आहे आणि हातात उघडं पुस्तक आहे. शेजारी नवरा आणि मुलगा, दोघंही राजे. पण वाचत असलेली ती एकटीच! नेपोलियनने १८०४ साली या मठाचा तुरुंग केला आणि पुढची दीडशेहून जास्त वर्षं तिथे कैदी होते. आज तिथे पर्यटक असतात, आणि दाराशी सायकली.

मैत्रिणींनो, वाडे आणि मठ मोटारीतूनही बघता येतात. मला विचाराल तर तिथली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तो रस्ता. शांत रस्ता नशिबाने मिळत नाही, तो कुणीतरी ठरवून केलेला असतो. मी नणंदेला आणि वाटेत भेटलेल्यांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यातल्या युक्त्या कळल्या.

पहिली म्हणजे जुन्याचा नवा वापर. फ्रान्समध्ये खेड्यापाड्यांतल्या कितीतरी छोट्या रेल्वे बंद पडल्या. रूळ उखडले, पण सपाट मार्ग शिल्लक होता. बरगंडी भागात जिव्री ते क्लूनी या चव्वेचाळीस किलोमीटरच्या अशाच मार्गावर १९९७ साली देशातली पहिली 'हिरवी वाट' सुरू झाली. तिथे मोटारींना बंदी. चालणारे, सायकलवाले, व्हीलचेअरवाले यांना मोकळीक. कालव्यांचंही तसंच. पूर्वी नावा ओढणारे घोडे ज्या काठाने चालायचे, तिथे आता सायकली जातात. दक्षिणेकडचा 'मिदी' कालवा सतराव्या शतकातला, १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला. तो खोदायला पुरुषांबरोबर बायकाही होत्या, मातीच्या टोपल्या वाहणाऱ्या.

दुसरी युक्ती पाट्यांची. प्रत्येक फाट्यावर सायकलचं चित्र असलेली हिरवी-पांढरी पाटी. भाषा येवो न येवो, चुकायचा प्रश्न नाही. तिसरी कायद्याची. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर, गावात एक मीटर अंतर सोडलंच पाहिजे. मागून आलेला ट्रॅक्टर मी बाजूला होईपर्यंत मुकाट थांबला, तेव्हा मला उगीचच आपण कुणीतरी मोठ्या असल्यासारखं वाटलं! आणि चौथी म्हणजे गावाची कमाई. वाटेपासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या ज्या लॉजमध्ये सायकल कुलपात ठेवायला जागा आणि दुरुस्तीची हत्यारं असतात, त्यांना 'आक्केय व्हेलो', म्हणजे 'सायकलवाल्यांचं स्वागत' अशी पाटी लावता येते. सायकलवाल्याला भूक फार लागते, त्यामुळे बेकरीवालीपासून सगळ्यांचं भलं होतं.

याचा परिणाम रस्त्यावर दिसतो. पांढऱ्या केसांच्या मैत्रिणींचे घोळके, मागे गाडीत बाळ बसवलेली आई, शाळकरी पोरं. तिथल्या कामगारांना १९३६ साली पहिल्यांदा वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हा कितीतरी जोडपी दोन सीटच्या सायकलवरून फिरायला बाहेर पडली होती. स्वस्तात, स्वतःच्या पायांवर. ती सवय अजून आहे.

कुणाला जायचा योग आलाच तर काही गोष्टी लक्षात असू द्या. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेकडे तोंड करून गेलात तर पाठीवर घेता येतो. दुपारी खेड्यातली दुकानं बंद असतात, सोमवारी बरेचदा बेकरीही. तेव्हा डबा बरोबर हवा. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो, तिथे सगळे बाटल्या भरतात. मात्र 'पिण्याचं नाही' अशी पाटी नाही ना, ते आधी बघायचं. कागदी नकाशा घेतलात तर मिशेलिनचा घ्या. त्यात लाल रस्ते गर्दीचे, पिवळे मधले, पांढरे शांत. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो देखणा समजायचा. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीची सायकलही भाड्याने मिळते. दमलात तर स्थानिक रेल्वेत सायकलसकट चढता येतं, फक्त उन्हाळ्यात आधी चौकशी करावी.

सगळ्यांनी फ्रान्सला जावं असं मी म्हणत नाही. तेवढे पैसे आणि रजा कुणाकडे असते? पण आमच्या महिला मंडळाच्या कामात मी एक गोष्ट नेहमी बघते. मानव विकास कार्यक्रमातून आपल्याकडे किती मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. वाडीवरची पोरगी ऐटीत शाळेत जाऊ लागली. पण दहावी-बारावी झाली, कॉलेज हायवेपलीकडे असलं की आई म्हणते, "नको बाई, गाड्या फार." सायकल पडवीत उभी राहते, आणि कधी कधी शिक्षणही. त्या आईचं काय चुकतं? सायकल दिली, पण रस्ता दिला नाही.

आपल्या गावाजवळही कालव्याच्या कडेची वाट असते, जुना गाडीरस्ता असतो. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला की रुंदी आणि डांबर यांवरच चर्चा होते, आणि बोलणारे बहुतेक पुरुष. पुढच्या सभेला आपण चौघीजणी जाऊ या आणि विचारू या: या रस्त्याने आमची मुलगी एकटी सायकलवर जाऊ शकेल का? कडेला तिच्यासाठी पट्टा आहे का, झाडं आहेत का, संध्याकाळी दिवा आहे का? फ्रान्सच्या सरकारला बाईने पँट घालावी की नाही हे ठरवण्यात दोनशे वर्षं गेली. आपल्या मुलींना तेवढा वेळ नाही.