शेकडो टेस्टमध्ये न सापडलेला लान्स आर्मस्ट्राँग शेवटी पकडला कसा गेला?

जानेवारी 2013. अमेरिकेतली प्रसिद्ध टीव्ही होस्ट ओप्रा विन्फ्रे समोर बसलेल्या माणसाला सरळ विचारते, हो की नाही तेवढंच सांग. बंदी असलेली औषधं घेतलीस? हो. ईपीओ घेतलंस? हो. ब्लड डोपिंग केलंस? हो. टूर दी फ्रान्स सात वेळा जिंकलास, त्या सातही वेळा? हो.

हा माणूस म्हणजे लान्स आर्मस्ट्राँग. याआधी दहा-बारा वर्षं तो जगाला एकच गोष्ट सांगत होता, "माझ्या शेकडो टेस्ट झाल्यात, मी कधीच सापडलो नाही."

मग एवढ्या टेस्टमधून तो सुटला कसा? आणि टेस्टने पकडलं नाही, तर पकडलं कुणी?

आधी थोडं बॅकग्राउंड

1996 मध्ये, वयाच्या 25 व्या वर्षी आर्मस्ट्राँगला वृषणाचा कॅन्सर झाला. तो फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत पसरला होता. त्यातून तो वाचला आणि 1999 मध्ये थेट टूर दी फ्रान्स जिंकला. तीन आठवडे, 21 टप्पे, साधारण साडेतीन हजार किलोमीटर, त्यात आल्प्स आणि पिरेनीजचे घाट. अशी रेस तो 1999 ते 2005 सलग सात वेळा जिंकला. त्याच्या संस्थेचे पिवळे 'लिव्हस्ट्राँग' बँड जगभरात कोट्यवधी लोकांच्या मनगटावर होते. कॅन्सर पेशंटसाठी तो आशेचं दुसरं नाव होता.

त्यामुळे त्याच्यावर शंका घेणारा माणूस आपोआप व्हिलन ठरायचा.

ईपीओ म्हणजे काय?

आपली किडनी ईपीओ नावाचं हार्मोन तयार करते. ते शरीराला लाल रक्तपेशी बनवायला सांगतं. लाल पेशी ऑक्सिजन वाहून नेतात. पेशी जास्त तर ऑक्सिजन जास्त, म्हणजे घाटात दम उशिरा लागणार. किडनीच्या पेशंटना रक्त वाढवण्यासाठी ईपीओचं इंजेक्शन देतात. सायकलपटूंनी तेच उचललं.

धोका असा की रक्त घट्ट होतं आणि गुठळ्या होऊन जीवही जाऊ शकतो.

ही आर्मस्ट्राँगची एकट्याची आयडिया नव्हती. 1998 च्या टूरच्या तोंडावर फेस्टिना टीमची एक गाडी फ्रान्सच्या सीमेवर पकडली गेली. त्यात ईपीओसह औषधांचा मोठा साठा सापडला आणि अख्खी टीम रेसबाहेर गेली.

मग टेस्टमध्ये का सापडत नव्हतं?

पहिलं कारण, ईपीओ पकडणारी टेस्टच 2000 पर्यंत नव्हती. तोपर्यंत फक्त रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण मोजायचे आणि ते 50 टक्क्यांच्या वर गेलं तर खेळाडूला थांबवायचे. त्यावर उपाय म्हणजे टेस्टच्या आधी सलाईन घ्यायचं, की रक्त पातळ.

टेस्ट आल्यावर डोस बदलले. रात्री थोडंसं ईपीओ थेट शिरेत घ्यायचं, सकाळपर्यंत बऱ्यापैकी गायब. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचंच रक्त आधी काढून थंड ठेवायचं आणि रेसच्या काळात पुन्हा चढवायचं. रक्त स्वतःचंच असल्यामुळे टेस्टमध्ये बाहेरचं काही सापडतच नाही.

आणि 1999 मध्ये त्याच्या नमुन्यात स्टेरॉइडचा अंश मिळाला, तेव्हा मागची तारीख टाकून डॉक्टरची चिठ्ठी बनवली गेली. कारण दिलं, सीटवर बसून झालेल्या जखमेला लावायचं क्रीम.

बोलणाऱ्यांचं काय झालं?

ही चिठ्ठीची गोष्ट बाहेर काढली एमा ओ'रायलीने. ती टीमची मसाज थेरपिस्ट होती. ती पत्रकार डेव्हिड वॉल्शशी बोलली, तर आर्मस्ट्राँगने तिची बदनामी केली आणि कोर्टाचं झंझट मागे लावलं. वॉल्शच्या 'संडे टाइम्स'ला 3 लाख पाउंड देऊन केस मिटवावी लागली.

सहकारी फ्रँकी अँड्र्यूची बायको बेट्सी हिने शपथेवर सांगितलं, की 1996 मध्ये हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर त्याने औषधं घेतल्याचं कबूल केलेलं मी ऐकलंय. तिलाच खोटारडी ठरवलं गेलं.

इटलीचा फिलिपो सिमेओनी आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध कोर्टात बोलला होता. 2004 च्या टूरमध्ये तो पुढच्या गटाकडे निघाला, तर पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला आणि त्याला माघार घ्यायला लावली. नंतर ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. थोडक्यात, तोंड बंद ठेव.

ओप्राने विचारलं, एमावर केस केली होतीस का? तर त्याचं म्हणणं होतं, आम्ही इतक्या लोकांवर केसेस केल्या, तिच्यावरही केलीच असेल.

शेवटी पकडलं कसं?

2010 मध्ये जुना सहकारी फ्लॉइड लँडिस याने ईमेल करून सगळं उघड केलं. त्याचंही 2006 चं टूर विजेतेपद डोपिंगमुळेच गेलं होतं. मग अमेरिकेची डोपिंगविरोधी संस्था यूसाडाने एकेकाला बोलावलं. 26 जणांनी साक्ष दिली. त्यात 11 जुने सहकारी होते. सातही विजयांत सोबत असलेला जॉर्ज हिनकॅपीसुद्धा त्यातच.

ऑक्टोबर 2012 मध्ये सातही किताब काढून घेतले, आजन्म बंदी आली. ते किताब दुसऱ्या कुणालाच दिले नाहीत. टूरच्या यादीत ती सात वर्षं आजही विजेत्याविना आहेत. पुढे 2018 मध्ये त्याने अमेरिकी सरकारला 50 लाख डॉलर देऊन खटला मिटवला, कारण त्याच्या टीमची स्पॉन्सर सरकारी पोस्ट खातं होती.

आता काय बदललंय?

2008 पासून सायकलपटूंचा 'बायोलॉजिकल पासपोर्ट' असतो. औषध शोधण्याऐवजी खेळाडूच्या रक्ताचे आकडे वर्षानुवर्षं नोंदवतात. आकडे विचित्र उड्या मारायला लागले की चौकशी सुरू.

पण फसवणूकही नवी वाट शोधते. 2016 मध्ये बेल्जियमच्या एका तरुण खेळाडूच्या सायकलच्या फ्रेममध्ये लपवलेली मोटर सापडली. सहा वर्षांची बंदी बसली.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा खेळाडू "माझ्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आहेत" म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच की टेस्टला काही सापडलं नाही. म्हणून लगेच कुणाला चोर म्हणू नका. पण टीममधलंच कुणी, नाव-गाव सांगून, स्वतःचं नुकसान करून काही सांगत असेल, तर त्याला ट्रोल करायच्या आधी एकदा ऐकून घ्या. एमा ओ'रायली 2004 मध्येच खरं सांगत होती. जगाला ते मान्य करायला आठ वर्षं लागली.