आळस नव्हे, अवधानाचा विकार

‘मुलगा हुशार आहे, फादर, पण लक्षच देत नाही.’ हे वाक्य आम्ही असंख्य पालकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ‘थोडी शिस्त लावा’ असा सल्लाही तितक्याच वेळा दिला आहे. शाळेत शिकवीत असताना अशाच एका विद्यार्थ्याला आम्ही वारंवार वर्गाबाहेर उभे केले होते. गृहपाठ अपुरा, कंपासपेटी हरवलेली, प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर! पुढे काही वर्षांनी त्याला ‘एडीएचडी’ असल्याचे निदान झाले. आम्ही ज्याला आळस समजून शिक्षा करीत होतो, तो आळस नव्हताच. त्या चुकीची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहोत.

एडीएचडी म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलतेचा विकार. हे आजच्या काळाचे खूळ नव्हे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले होते. त्याचे मूळ मेंदूच्या विकासात असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांच्या लाडामुळे तो उद्भवत नाही.

लक्षणे कोणती?

लक्षणांचे दोन गट आहेत. पहिला अवधानाचा : काम अर्धवट सोडणे, वस्तू हरवणे, सांगितलेले विसरणे. दुसरा अतिचंचलता व उतावळेपणाचा : एका जागी न बसणे, अखंड बोलणे, आपली पाळी येईपर्यंत न थांबणे. काही मुलांत, विशेषतः अनेक मुलींत, केवळ पहिला गट आढळतो. अशी मुलगी वर्गात कोणालाही त्रास देत नाही; म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

निदान कसे होते?

त्यासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ सालच्या निकषांनुसार प्रत्येक गटात नऊ लक्षणे आहेत. त्यांपैकी एका गटातील किमान सहा लक्षणे (वयाच्या सतराव्या वर्षापासून पुढे पाच) सहा महिने टिकून असावी लागतात. शिवाय काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीच दिसलेली असावीत, ती घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे जीवनात खरोखर अडथळा यावा. दृष्टी, श्रवण, अपुरी झोप वा चिंता यांमुळे असे घडत नाही ना, हेही डॉक्टर पडताळून पाहतात. त्यामुळे प्रत्येक खोडकर मुलाला हे नाव चिकटविणे योग्य नव्हे.

कार्यकारी क्षमता म्हणजे काय?

‘आंघोळ कर, गणवेश घाल, दप्तर भर.’ या तीन सूचना मनात धरून ठेवणे, वाटेत दिसलेल्या चेंडूचा मोह आवरणे, वेळेचा अंदाज घेणे आणि एक काम संपवून दुसऱ्याकडे वळणे, या सर्वांना कार्यकारी क्षमता म्हणतात. मेंदूच्या पुढील भागाशी त्यांचा निकट संबंध आहे. एडीएचडी असलेल्या मुलांत त्या बहुधा उशिरा विकसित होतात. काय करावे हे मुलाला ठाऊक असते. ते योग्य क्षणी करणे त्याला जमत नाही.

‘मग क्रिकेटमध्ये तासन् तास कसे लक्ष लागते?’ असे पालक विचारतात. जिथे आवड आहे आणि फळ तत्काळ मिळते, तिथे अवधान टिकते. नीरस कामात मात्र ते ओढून आणावे लागते, आणि तेच या मुलांना कठीण जाते.

उपाय आहेत

एका वेळी एकच सूचना द्यावी, दिनक्रम लिहून भिंतीवर लावावा, मोठ्या कामाचे लहान भाग करावेत, चांगल्या वागणुकीचे लगेच कौतुक करावे. शाळेत पुढच्या बाकावर जागा मागून घ्यावी. सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालक-प्रशिक्षण सुचविले जाते. मोठ्या मुलांना आवश्यकतेनुसार औषधेही दिली जातात, परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. पालकांना शंका असल्यास बालरोगतज्ज्ञ वा मानसोपचारतज्ज्ञ यांना भेटावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही मार्गदर्शनासाठी उपलब्ध आहे.

अनेकांत ही लक्षणे प्रौढपणीही टिकून राहतात. ‘मी बिनकामाचा आहे’ ही लहानपणी मनावर कोरलेली समजूतही तशीच टिकते. लक्षणांवर उपचार करता येतात. ही समजूत पुसणे मात्र फार अवघड. म्हणून पालकहो, शिक्षकहो, मुलाला वर्गाबाहेर उभे करण्यापूर्वी क्षणभर थांबू या. आम्ही थांबलो नव्हतो.