अमोनियाचा रोजचा टँकर

सिमेंटच्या भट्टीतला नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचा म्हटले की चर्चा यंत्राच्या किमतीवर येऊन थांबते. यंत्राचे पैसे एकदाच मोजावे लागतात. कारखान्याला खुपते ते अमोनियाचे बिल, कारण ते भट्टी चालू असेपर्यंत संपत नाही.

आधी भट्टी पाहू. चार-पाच मीटर व्यासाचे, साठ-सत्तर मीटर लांबीचे, आतून रिफ्रॅक्टरी विटांचे अस्तर लावलेले पोलादी नळकांडे किंचित उतरते बसवलेले असते आणि मिनिटाला तीन-चार फेरे घेत फिरते. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होणारे खडे, तयार व्हायला आतला माल 1450 अंशांपर्यंत तापावा लागतो. त्यासाठी बर्नरची ज्योत 2000 अंशांच्या घरात ठेवतात. एवढ्या आचेत हवेतल्याच नायट्रोजनचा प्राणवायूशी संयोग होतो. इंधन कितीही स्वच्छ आणा, हा वायू होणारच. कोळशातला नायट्रोजन त्यात भर घालतो. पेटकोक, म्हणजे तेलशुद्धीतून उरणारा कोळसा, परवडतो खरा, पण तो लवकर पेटत नाही, आच वाढवावी लागते आणि इंधनात वाचवलेल्या पैशांतला काही भाग धुराड्याशी परत द्यावा लागतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भट्टी नीट चालवणे. फ्री लाइम, म्हणजे क्लिंकरमध्ये न जुळता उरलेला चुना, वाढला की प्रयोगशाळेचा फोन येणार, या धाकाने नियंत्रण कक्षातला ऑपरेटर माल गरजेपेक्षा जरा जास्तच भाजतो. ही सवय सुटली तर कोळसाही वाचतो. सुधारित बर्नर आणि भट्टीआधी चुनखडी भाजणाऱ्या कॅल्सिनरमध्ये टप्प्याटप्प्याने दिलेली हवा यांनी आणखी घट होते. मात्र हवा देताना हात जास्त आखडला तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

भारतात 2016च्या सुधारित नियमांनी 25 ऑगस्ट 2014 नंतर सुरू झालेल्या भट्ट्यांना प्रति घनमीटर 600 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. जुन्यांना रचनेप्रमाणे 800 किंवा 1000. वरच्या उपायांनी हे जमले नाही की एसएनसीआर येते, म्हणजे उत्प्रेरकाशिवाय अमोनियाने नायट्रोजन ऑक्साइड मोडणे. यंत्रणा साधीच: टाकी, पंप, फवारे. कच्चा माल आधी तापवणाऱ्या प्रीहीटर टॉवरमध्ये जिथे वायू 850 ते 1050 अंशांवर असतो, तिथे अमोनियाचे पाणी किंवा युरियाचे द्रावण फवारायचे. वायू थंड असेल तर अमोनिया तसाच धुराड्यातून निसटतो. फार तापलेला असेल तर अमोनियाच जळून नायट्रोजन ऑक्साइड होतो.

आता हिशेब करू. दिवसाला 5000 टन क्लिंकर काढणारी भट्टी घ्या. टनामागे सुमारे 2300 घनमीटर वायू निघतो. पातळी 1000 वरून 600 वर आणायची तर रोज 4.6 टन नायट्रोजन ऑक्साइड मारावा लागेल. फवारलेल्यापैकी निम्माच अमोनिया कामी आला असे धरले, तर रोज 3.4 टन लागतो. पंचवीस टक्क्यांच्या द्रावणात हे साडेतेरा टन होतात, म्हणजे जवळपास रोज एक टँकर. शिवाय त्यातले दहा टन पाणी भट्टीच्याच उष्णतेवर उकळायचे.

युरिया वापरला तर रोज सहा टन, 45 किलोच्या 133 गोण्या. शेतकऱ्याला ही गोणी 266 रुपये 50 पैशांना पडते, ती सरकारी अनुदानामुळे. ते कडुनिंबाचा लेप दिलेले खत कारखान्याकडे वळवणे गुन्हा आहे. कारखान्याला विनाअनुदानित औद्योगिक युरियाच घ्यावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या पट्ट्यात कापसाची शेतं आणि सिमेंटचे कारखाने शेजारी शेजारी आहेत. तिथे हा भेद कागदापुरता राहू नये, याकडे प्रशासनाने डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे.

याहून कडक मर्यादा हवी असेल, तर एससीआर आहे, म्हणजे हेच काम उत्प्रेरकाच्या मदतीने. जर्मनीत झोल्नहोफेनला 2001च्या सुमारास सिमेंट भट्टीवरची पहिली मोठी एससीआर चालू झाली. अमोनिया कमी लागतो, पण उत्प्रेरकाचे थर धुळीने बुजतात, ते साफ ठेवायला आणि काही वर्षांनी बदलायला पैसे लागतात. जर्मनीने मर्यादा 200 मिलिग्रॅमवर नेल्यावर मात्र तिथल्या कारखान्यांना हा खर्च टाळणे कठीण झाले.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. एसएनसीआरचा पंप बंद केला की त्याच क्षणी पैसे वाचू लागतात, आणि धुराड्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड रंगहीन असतो. तेव्हा तुमच्या भागात कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी लागली, तर ‘यंत्रणा बसवली का?’ एवढेच विचारून खाली बसू नका. गेल्या वर्षी अमोनिया किती टन घेतला आणि क्लिंकर किती टन काढले, हे दोन आकडे मागा.