प्रतिबंधाचे मोजमाप : अमेरिकेतील विद्यापीठीय प्रतिबंध-संशोधन केंद्रांच्या कार्याचा मागोवा

आयुर्वेदाची दोन प्रयोजने आपण सर्वजण विद्यार्थिदशेपासून जाणतो. स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे पहिले आणि आतुराच्या विकाराचे प्रशमन हे दुसरे. क्रमाने पहिले असलेले प्रयोजन आपल्या दैनंदिन व्यवसायात मात्र बहुधा दुसऱ्या क्रमांकावर जाते. चिकित्सेने आलेला उपशय रुग्णही सांगतो आणि नाडीही सांगते. न झालेला व्याधी मात्र कोणास दाखवावा, आणि तो आपल्या प्रयत्नाने झाला नाही हे कशावरून म्हणावे, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाची बोचणी आम्हास काही वर्षांपूर्वी लागली. आमच्या गावी वैद्यमंडळींच्या सहकार्याने दरवर्षी प्रमेह-तपासणी शिबिर भरत असे. रक्तशर्करा पाहिली जाई, पथ्याची पत्रके वाटली जात, दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्रासह वृत्त येई. एका वर्षी समारोपानंतर, औषधे पुरविणाऱ्या आमच्या परिचित दुकानदारांनी सहज विचारले, "वैद्यराज, गेल्या वर्षी ज्यांची साखर वाढलेली निघाली, त्यांचे पुढे काय झाले?" आमच्यापाशी नावांची वही होती, उपस्थितांची संख्या होती, पत्रकांचाही हिशेब होता; या प्रश्नाचे उत्तर मात्र नव्हते. ते आजही आम्हास देता येत नाही, कारण त्या वर्षांची नोंदच झालेली नाही.

प्रतिबंधाच्या कार्याचा मागोवा पद्धतशीरपणे कसा घेता येतो, याचे एक विस्तृत उदाहरण अमेरिकेत गेली चार दशके घडत आले आहे. तेथील विद्यापीठांशी संलग्न प्रतिबंध-संशोधन केंद्रांचा परिचय वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केंद्रांची स्थापना

१९८४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून आरोग्यसंवर्धन व रोगप्रतिबंध या विषयांच्या संशोधनासाठी विद्यापीठांमध्ये केंद्रे स्थापन करण्यास मान्यता दिली. या योजनेचे प्रशासन अटलांटा येथे मुख्यालय असलेल्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राकडे, म्हणजे सी. डी. सी.कडे सोपविण्यात आले. १९८६ मध्ये पहिल्या तीन केंद्रांस निधी मिळाला. ती तीन केंद्रे म्हणजे चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, ह्यूस्टन येथील टेक्सास विद्यापीठाचे आरोग्यविज्ञान केंद्र आणि सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठ.

निधी साधारणतः पाच वर्षांच्या चक्राने, स्पर्धात्मक परीक्षणानंतर दिला जातो. एकदा निवडलेले केंद्र पुढील चक्रात राहीलच असे नाही. २००९ ते २०१४ या चक्रात केंद्रांची संख्या ३७ झाली होती. २०१४ च्या चक्रात ती २६ वर आली, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या चक्रासाठी २० केंद्रे निवडली गेली. अशा व्यवस्थेत आपल्या कार्याचे फलित दाखविणे हा केंद्राच्या अस्तित्वाचाच प्रश्न होतो.

१९९७ चा आढावा

योजनेस दशक लोटल्यावर तिचे परीक्षण करण्याचे काम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेकडे आले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालाचा रोख ध्यानी घेण्याजोगा आहे. एकेका व्यक्तीच्या धोक्याच्या घटकांवरच लक्ष न ठेवता समाजाच्या पातळीवरील कारणांकडे वळावे, संशोधनाची दिशा ठरविण्यात त्या त्या समाजास सहभागी करून घ्यावे, आणि सिद्ध झालेले ज्ञान प्रत्यक्ष आरोग्यव्यवहारात पोहोचावे, असा त्याचा आशय होता.

चरकाचार्यांच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय येथे वैद्यास सहज आठवेल. भिन्न प्रकृतीच्या माणसांस एकाच वेळी एकच व्याधी का ग्रासतो, या प्रश्नाचे उत्तर तेथे व्यक्तीत न शोधता वायू, उदक, देश व काल या सर्वांस समान असलेल्या भावांत शोधले आहे. समाजाच्या आरोग्याची कारणे समाजाच्या पातळीवरच शोधावीत, हा विचार आपणास नवा नाही. त्याचे मोजमाप करण्याची शिस्त मात्र आपणास नवी आहे.

मागोवा घेण्याची रीत

या आढाव्यानंतर, २००१ पासून, सर्व केंद्रांसाठी मूल्यमापनाचा एक समान आराखडा तयार करण्यास सी. डी. सी.ने आरंभ केला. त्याचा पाया म्हणजे 'लॉजिक मॉडेल' या नावाने ओळखली जाणारी कार्यकारणाची साखळी. आम्ही तिला आरोग्याची संप्राप्ती म्हणू. हेतूपासून व्याधी व्यक्त होईपर्यंत दोष कोणत्या पायऱ्यांनी जातात हे जसे आपण संप्राप्तीत पाहतो, तसेच साधनांपासून समाजाच्या स्वास्थ्यापर्यंत कार्य कोणत्या पायऱ्यांनी जाते, हे येथे आधीच लिहून ठेवावयाचे असते.

पहिली पायरी साधनांची : निधी, मनुष्यबळ, समाजातील भागीदार. दुसरी कृतींची : संशोधन, प्रशिक्षण, प्रसार. तिसरी तत्काळ निष्पत्तीची : किती कार्यकर्ते शिकले, किती शाळा सहभागी झाल्या, किती लेख प्रसिद्ध झाले. चौथी परिणामांची : लोकांच्या आचरणात, संस्थांच्या नियमांत काय पालटले. पाचवी अंतिम फलिताची : व्याधी व मृत्यू यांत घट झाली काय.

आमच्या शिबिराची परीक्षा या साखळीवर केली असता आढळते ते असे की, आम्ही तिसऱ्या पायरीवर थांबलो होतो. उपस्थिती आणि पत्रके ही निष्पत्ती होय. ती परिणाम नव्हे. बहुतेक शिबिरांचा अहवाल याच पायरीवर संपतो, आणि आपण मात्र तो पाचव्या पायरीच्या भाषेत लिहितो.

याच सुमारास, १९९९ मध्ये, ग्लासगो, व्होग्ट आणि बोल्स या अमेरिकी संशोधकांनी एखाद्या आरोग्य-उपक्रमास विचारण्याचे पाच प्रश्न मांडले. ज्यांच्यासाठी उपक्रम होता त्यांपैकी किती जणांपर्यंत तो पोहोचला? त्याचा गुण आला काय? किती संस्थांनी तो स्वीकारला? ठरविल्याप्रमाणेच तो पार पडला काय? आणि काही काळानंतरही तो टिकला काय? शंभरांत पाच जणांपर्यंत पोहोचणारा अत्यंत गुणकारी उपक्रम आणि पन्नास जणांपर्यंत पोहोचणारा मध्यम गुणाचा उपक्रम यांत समाजास कोणता अधिक उपयोगी, याचा विचार या पाच प्रश्नांनी सुलभ होतो.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण सिअ‍ॅटलचे. साठ वर्षांवरील, सौम्य परंतु चिवट विषादाने ग्रस्त अशा वृद्धांसाठी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केंद्राने 'पर्ल्स' हा उपक्रम आखला. प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जाऊन त्या व्यक्तीस आपल्या अडचणींची क्रमवार उकल करण्यास शिकवी, तसेच शारीरिक हालचाल व लोकसंपर्क वाढविण्यास प्रवृत्त करी. १३८ व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांनंतर लक्षणे निम्म्याने वा अधिक घटलेल्यांचे प्रमाण उपक्रमाच्या गटात ४३ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १५ टक्के होते. सत्त्वावजय चिकित्सेचे स्मरण व्हावे असाच हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण 'कॅच' या शालेय उपक्रमाचे. १९९१ ते १९९४ या काळात चार राज्यांतील ९६ शाळांमध्ये ५,१०६ मुलांवर ही चाचणी झाली. उपक्रमाच्या शाळांत दुपारच्या भोजनातील ऊर्जेपैकी स्निग्धांशाचे प्रमाण ३८.७ टक्क्यांवरून ३१.९ टक्क्यांवर आले. मुलांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल, रक्तदाब वा शरीराचे आकारमान यांत मात्र दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे प्रसिद्ध केले. मूळ चाचणीचा निधी राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेचा होता. टेक्सासमधील शाळांत पुढे झालेला प्रसार ह्यूस्टनच्या विद्यापीठाने केला. एल पासो येथील अल्प उत्पन्न गटाच्या शाळांतील अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरी ते पाचवी इयत्तेच्या काळात स्थूलतेकडे झुकलेल्या मुलींचे प्रमाण उपक्रमाच्या शाळांत २ टक्क्यांनी, तर तुलनेच्या शाळांत १३ टक्क्यांनी वाढले. मुलांत हीच वाढ अनुक्रमे १ व ९ टक्के होती. येथे स्थौल्य घटले नाही. त्याची वाढ रोखली गेली. प्रतिबंधाचे यश पुष्कळदा असेच असते.

तिसरे उदाहरण हार्वर्डच्या केंद्राशी निगडित 'प्लॅनेट हेल्थ' या उपक्रमाचे. दहा शाळांतील सहावी-सातवीच्या सुमारे १,३०० विद्यार्थ्यांवर दोन वर्षे चाललेल्या या चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार, व्यायाम व दूरदर्शनसमोरील वेळ हे विषय भाषा, गणित, विज्ञान यांच्या नेहमीच्या तासांत गुंफण्यात आले. मुलींमधील स्थौल्याचे प्रमाण तुलनेच्या शाळांपेक्षा घटले, मुलांमध्ये मात्र फरक दिसला नाही. एकाच उपायाचा गुण एका गटास आला व दुसऱ्यास आला नाही, हे प्रकृतिभेद मानणाऱ्या वैद्यास आश्चर्याचे वाटू नये. परंतु मुलामुलींची नोंद स्वतंत्र ठेवली होती म्हणूनच ते कळले.

आकड्यांचे वाचन

'कॅच'च्या आकड्यांकडे पुन्हा पाहावे. उपक्रमाच्या शाळांतील घट ६.८ टक्क्यांची. परंतु त्याच काळात, जेथे उपक्रम नव्हता त्या शाळांतही स्निग्धांशाचे प्रमाण ३८.९ वरून ३६.२ वर आले, म्हणजे २.७ टक्क्यांनी घटले. तेव्हा उपक्रमाच्या पदरी टाकता येईल असा फरक सुमारे ४.१ टक्क्यांचाच उरतो. तुलनेच्या शाळा नसत्या तर संपूर्ण श्रेय उपक्रमास दिले गेले असते, आणि त्यात कोणाचाही अप्रामाणिकपणा नसता. शरद ऋतू संपल्यावर पित्त आपोआप शमते. त्याच वेळी दिलेल्या औषधास सारे श्रेय देणारा वैद्य असाच फसतो.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. पाच वर्षांच्या चक्रात पाचवी पायरी क्वचितच दृष्टीस पडते. म्हणून मोजण्यास सोपे ते मोजण्याचा मोह होतो आणि प्रसिद्ध लेखांची संख्या हेच कार्य ठरू लागते. शिवाय एकाच उपक्रमामागे अनेक संस्थांचा निधी व श्रम असल्याने फलित नेमके कोणाचे, हे वेगळे काढणे कठीण जाते. साखळी आधी लिहून ठेवल्याने या अडचणी नाहीशा होत नाहीत. आपण कोठे थांबलो हे मात्र लपत नाही.

आपणास काय करता येईल

अमेरिकेतील विद्यापीठांचा निधी आपणापाशी नाही. पण वही आहे. आमच्या मते प्रत्येक शिबिरात, सुवर्णप्राशनाच्या उपक्रमात वा ऋतुचर्येच्या व्याख्यानमालेत पुढील गोष्टी अगत्याने व्हाव्यात.

एक : उपक्रमापूर्वीच एका पानावर अपेक्षित साखळी लिहावी, कोणाच्या, कोणत्या गोष्टीत, किती काळात पालट अपेक्षित आहे हे स्पष्ट असावे. दोन : प्रत्येकाच्या संमतीने नाव, वय, लिंग, वजन, कटीचा घेर, रक्तदाब व रक्तशर्करा यांची नोंद करावी आणि ती गोपनीय ठेवावी. तीन : तीन व बारा महिन्यांनी पुन्हा बोलवावे, न आलेल्यांची संख्याही लिहावी, कारण ज्यांस गुण आला तेच परत येतात असे पुष्कळदा घडते. चार : शक्य तेथे, ज्या वस्तीत उपक्रम पुढील वर्षी होणार आहे तेथील मोजमापे या वर्षीच घ्यावीत, म्हणजे तुलना साधते. पाच : सुरू असलेली आधुनिक औषधे कोणी परस्पर बंद केली काय, हे आवर्जून विचारावे आणि तसे आढळल्यास त्यास तत्काळ त्याच्या चिकित्सकाकडे पाठवावे.

औषधविक्रेत्यांचे स्थान येथे विशेष आहे. वैद्याकडे रुग्ण त्रास झाला की येतो. दुकानात तो महिन्याच्या महिन्याला येतो. शिबिरातील कार्डावर दुकानदाराने पुढील भेटीची तारीख लिहून देणे, वजनकाटा व मोजपट्टी दुकानात ठेवणे, एवढ्यानेही पाठपुरावा पुष्कळ सुकर होईल.

अनिष्ट वा निष्फळ परिणामही प्रसिद्ध करण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. स्वस्थवृत्ताचा वारसा आपला आहे हे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. तो वारसा खरा आहे. परंतु ऐकणारा आता पुरावा मागतो, आणि तसे मागण्यात त्याची चूक नाही.

यंदाच्या शिबिरासाठी आम्ही नवी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर आमच्या त्या दुकानदार मित्रांचा प्रश्न लिहिला आहे आणि बारा महिन्यांनंतरच्या नोंदीसाठी प्रत्येक नावापुढे एक रकाना कोरा ठेवला आहे. तो भरल्यावर, आकडे अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते आम्ही याच त्रैमासिकात सादर करू. सुज्ञ वाचकांनीही आपापल्या गावी असा एक रकाना कोरा ठेवावा, एवढीच विनंती. इत्यलम्।