भैरोबाच्या पाराजवळचे वीर

अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीतून बाहेर पडून सीना ओलांडली आणि शहर मागे टाकून दौंड रस्त्याने श्रीगोंद्याकडे निघाले, की शेवटी भीमाकाठी पेडगाव लागते. इथल्या किल्ल्यात शिरताना भैरवनाथाचे मंदिर आहे आणि त्याच्या आसपास वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे आहेत. किल्ला पाहायला आलेले बहुतेक लोक त्यांच्याकडे नजर टाकून पुढे जातात. मी म्हणतो, तिथेच थांबा.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर पडलेला असतो, पुष्कळदा शेजारी गाई असतात. म्हणजे गावची गुरे पळवली जात होती, ती सोडवताना तो गेला. त्याच्या वर लढाई: ढाल, तलवार, उधळलेला घोडा. आणखी वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेतात. सर्वांत वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य; ते आहेत तोवर याचे नाव राहो, एवढाच अर्थ. गंमत अशी, की नाव मात्र बहुतेक दगडांवर कोरलेलेच नसते. शेजारच्या सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. काळ्या बेसॉल्टात त्या बांगड्यांच्या रेघा काढणे म्हणजे काय काम आहे, हे छिन्नी धरलेल्यालाच कळेल. हा दगड बारीक काम सहज घेत नाही; म्हणून आकृत्या ठसठशीत, जाडसर ठेवून भोवतालचा भाग खोदून काढलेला दिसतो.

महाराष्ट्रातले बरेचसे वीरगळ शिलाहार-यादव काळातले. बोरिवलीजवळच्या एकसरला तर वल्ह्यांची जहाजे आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. एस. सेट्टर आणि गुंथर सोंथायमर यांनी 1982 साली स्मारकशिळांवर एक मोठा ग्रंथ संपादित केला. तेव्हापासून अभ्यासकांना या दगडांचे मोल पटले. गावांना पटायचे अजून बाकी आहे.

जगात याच जातीचे एक काम आहे, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे टोटेम खांब. हायडा, त्लिंगित, क्वाक्वाकावाक्व हे लोक लाल सीडरच्या उंच खोडावर गरुड, अस्वल, डोमकावळा कोरतात. ही त्या त्या घराण्याची कुळचिन्हे असतात. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात, त्या भावनेच्या फार जवळची. काही खांब मृतांच्या स्मरणार्थही उभारतात. कॅनडा सरकारने 1885 पासून 1951 पर्यंत त्यांच्या पॉटलॅच या मोठ्या दानसमारंभावर बंदी घातली होती. खांब उभारायचे ते अशाच समारंभात, त्यामुळे कोरीवकामाचाही आधार तुटला. शिवाय पावसात लाकूड कुजते.

पण या कुजण्यातूनच वाट निघाली. अलास्कात 1938 पासून वनखात्याने जुन्या कारागिरांना रोजगारावर घेतले, पडलेले खांब दुरुस्त केले, फार खराब झालेल्यांच्या प्रतिकृती कोरून घेतल्या. केचिकनची टोटेम उद्याने त्यातूनच उभी राहिली आणि तरुण पोरांच्या हाती अवजारे आली. कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या संग्रहालयाने 1952 साली मुंगो मार्टिन या क्वाक्वाकावाक्व कारागिराला नेमले. पुढे नावारूपाला आलेला बिल रीड त्याच्या हाताखाली शिकला. लाकूड टिकत नाही म्हणून कोरणारा टिकवावा लागला.

आमचा दगड टिकतो, आणि त्याच भरवशावर आम्ही निर्धास्त राहिलो. नवा वीरगळ कोणी सांगत नाही. पाथरवट जात्याला टाकी लावण्यापासून देवाच्या मूर्तीपर्यंत सगळे करतो, पण वीरगळाच्या चौकटींचा क्रम त्याला सांगणारे कोणी उरले नाही. मेळघाटातल्या कोरकूंकडे मात्र ही रीत लाकडात आहे: मृतासाठी सागवानी मुंडा कोरतात, त्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार असतो. त्या हातांना मान आणि काम मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

वीरगळाचे खरे नुकसान होते ते आपल्याच हातांनी. कुठे तो मंदिराची पायरी झाला, कुठे नदीवर धुण्याचा दगड. जीर्णोद्धारात त्याला सिमेंटच्या ओट्यात अर्धा गाडतात आणि तळाची चौकट, म्हणजे वीराने प्राण का दिले तेच, कायमचे झाकले जाते. वर ऑइलपेंट चढला, की घोड्याचा लगाम आणि चेहरा दोन्ही भरून जातात. उचलून दूरच्या संग्रहालयात नेणे हा शेवटचा उपाय. हा दगड ज्या शिवारासाठी रक्त सांडले त्याच शिवारात शोभतो.

तेव्हा आपल्या गावी भैरोबाच्या, मारुतीच्या पाराजवळ असा दगड असेल, तर त्याला रंग लावू देऊ नका, ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासू देऊ नका. चारही बाजूंनी फोटो काढा, ग्रामसभेत त्याची नोंद करून घ्या. शंभर वर्षांहून जुने शिल्प 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, हेही तिथे सांगा. आणि मंदिराचे काम निघाले असेल, तर गवंडी ओटा घालण्याआधी तिथे जाऊन उभे राहा.