मुंबईतील पहिली लग्नखरेदी

लग्नखरेदीसाठी प्रथमच मुंबईस जाणाऱ्या कुटुंबाने घरीच यादी करून तिची बाजारवार विभागणी करावी. कापडासाठी मंगलदास व मूळजी जेठा मार्केट, दागिन्यांसाठी झवेरी बाजार आणि विजेच्या साहित्यासाठी लोहार चाळ. हे सर्व बाजार एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत; मस्जिद स्थानकावर उतरणे सोयीचे. रविवारी बहुतेक घाऊक पेढ्या बंद असतात.

घाऊक भावास किमान नगांची अट असते. ती आधीच विचारावी. कापड कापण्यापूर्वी पन्हा मोजून घ्यावा.

खरी दक्षता सोन्याच्या खरेदीत हवी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कमध्ये अक्षरे व अंक मिळून सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक अनिवार्य आहे. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर दुकानातच पडताळावा. ‘पावतीविना थोडे स्वस्त’ या प्रलोभनास बळी पडू नये. पुढे शुद्धतेविषयी वाद उद्भवल्यास पक्की पावती हाच आधार. एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून मोठी रक्कम बँकेमार्फतच द्यावी. गर्दीत रोकड सांभाळण्याची चिंताही मिटते.

व्यापारी घराण्यास हिशेब शिकवावा लागत नाही. लग्नघाईत तो विसरू नये, इतकेच.