मोटारीच्या आरशाचा जीर्णोद्धार
मोटारीच्या बाजूचा आरसा एखाद्या अरुंद बोळात खरवडला गेला, म्हणजे अखंड नवा आरसा विकत घेण्याची तजवीज करण्यापूर्वी, तो घरच्या घरी उतरवून पूर्ववत करता येईल काय, याचा विचार अवश्य व्हावा. आरसा विजेवर हलणारा असेल तर प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. बहुतेक गाड्यांत दाराच्या आतील कोपऱ्यात त्रिकोणी झाकण असते. ते प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचकटले की आरसा धरून ठेवणारे, बहुधा ३, स्क्रू दृष्टीस पडतात. मात्र ते सोडविण्याआधी दाराच्या फटीत फडके कोंबावे, कारण निसटलेला स्क्रू पोकळीत पडला तर दाराचे सबंध अस्तर काढण्याचा प्रसंग ओढवतो.

खरे श्रम घासण्याचे. ४०० नंबरचा वॉटर पेपर भिजवून, पुढे ८०० नंबरचा घेऊन, ओरखड्याची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासावे. प्लास्टिकसाठी असलेला प्रायमर दिल्याखेरीज रंग पापुद्र्यांनी सुटतो. रंगाचे हात पातळ द्यावेत.

काच फुटली असल्यास मूळच्याच वक्रतेची घ्यावी. बहिर्वक्र काचेच्या जागी सपाट बसविली तर दृष्टिक्षेत्र संकोचते आणि शेजारून येणारी दुचाकी दिसेनाशी होते.